घोंघुरचे तीन डोळे

४ मार्च २०१८, पेण

आजपासून रोजनिशी लिहायचं ठरवलं आहे. मी गणपतीचा कारखाना चालवणारा माणूस. पण चळवळ उभी राहते तेव्हा कुणीतरी तिची नोंद ठेवावी लागते, आणि आमच्या मंडळात माझ्याशिवाय कुणाचं अक्षर लागत नाही.

झालं असं की ‘घोंघुरचं बेट’ या पुस्तकावर सिनेमा येतोय. हे पुस्तक रोह्याच्या एका मास्तरांनी लिहिलं, त्याला पन्नासेक वर्षं झाली. मास्तर जाऊनही बरीच झाली. चिमा नावाची मुलगी उधाणात होडीसकट वाहत खाडीतल्या एका बेटावर पोचते. तिथे घोंघुर नावाचा डोंगराएवढा जीव एकटाच बांध राखत बसलेला असतो. गावाला त्याची भीती वाटते, आणि गाव बुडत नाही ते त्याच्यामुळेच. मी सहावीत असताना वाचलं, अजून वाचतो. इतर लोक सकाळी पोथी घेतात, मी हे घेतो. माझी बायको बायजा म्हणते, पोथीने निदान पुण्य तरी लागतं.

घोंघुरला तीन डोळे आहेत. पान एकेचाळीसवर स्पष्ट लिहिलंय: ‘घोंघुर तिच्याकडे तीन डोळ्यांनी पाहत राहिला.’ हे आमच्या घोंघुर वाचक मंडळाचं ब्रीदवाक्य. आम्ही एकमेकांना भेटलो की तीन बोटं वर करतो. काही शंकेखोर लोक पान अठ्ठ्याऐंशी काढून दाखवतात, तिथे घोंघुर ‘दोन्ही डोळे पुसतो’. त्याचं उत्तर मी ‘तिसरा डोळा: एक चिंतन’ या माझ्या व्याख्यानात दिलेलं आहे. तिसरा डोळा रडत नाही. तो फक्त पाहतो.

काल सिनेमाचा ट्रेलर मोबाइलवर आला. घोंघुरला डोळे दोनच. तेही कसे, तर ओलसर आणि पडलेले, जसं काही त्यानेच कुणाचं नुकसान केलंय. असल्या नजरेचा राक्षस बांध काय राखणार? त्याला बघून समुद्रच त्याची विचारपूस करायला आत येईल.

कारखान्यात जगन रंगकाम करतो, त्यालाही दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग माझ्याकडे बघत राहिला, आणि म्हणाला, “शेठ, हे डोळे मी कुठंतरी बघितल्यात.” मी त्याला कामाला लावलं.

६ मार्च

रोह्याला हैबतरावांच्या घरी तातडीची बैठक झाली. हैबतराव आमचे अध्यक्ष, मी चिटणीस. एसटीत कंट्रोलर होते; अजूनही बोलतात ते फलाटावर गाडी लागल्याची घोषणा केल्यासारखं. त्यांनी जाहीर केलं की घोंघुरच्या डोळ्याला हात लावणं म्हणजे रायगड जिल्ह्याच्या डोळ्यात धूळ फेकणं. टाळ्या पडल्या. मंडळातल्या गोविंदाने सगळ्यात जोरात वाजवल्या. त्याने पुस्तक वाचलेलं नाही, पण तो म्हणाला, अन्याय कळायला पुस्तक कशाला पायजे. मला हा मुद्दा पटला.

निषेधाचं पत्रक लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मंडळात डोळ्यांतलं कळणारा मी एकटाच. गणपतीच्या कामात डोळे काढणं, म्हणजे आखणी, हीच खरी विद्या. साचा कुणीही भरतो, रंग कुणीही मारतो. डोळा चुकला की देव आंधळा. आमच्या कारखान्यात आखणी मी सोडून कुणी करत नाही. मैना माझी मुलगी, तिने पूर्वी फार हट्ट धरला होता. मी म्हटलं, अजून हात बसायचा आहे. दोन-तीन वर्षं तेच म्हटलं. मग ती मुंबईला गेली, एका कंपनीत कॉम्प्युटरवर चित्रं हलवते. मध्ये बिस्किटाच्या जाहिरातीतला हत्ती तिने नाचवला होता. हत्ती चांगला होता. मी तसं तिला सांगितलं नाही, कौतुक डोक्यात जातं.

तिला पेण स्टेशनवर गाडीत बसवताना बायजा रडली. मी अगदी खंबीर होतो. फलाटावर धूळ फार होती, एवढंच.

९ मार्च

मैनाचा फोन आला. ती सहसा आईला करते, पण आज मलाच मागितलं. विचारलं, बाबा, ट्रेलर बघितलात का, डोळे कसे वाटले.

इतक्या दिवसांनी पोरीने माझ्या आवडीचा विषय काढला, मग मीही हातचं राखलं नाही. म्हटलं, ज्याने ते काढले त्याला मूर्तीच्या आसपासही उभं करू नये. पापणीचा उतार चुकलाय, बुबुळ खाली घसरलंय, आणि मुळात एक डोळा गायब. ती म्हणाली, “बाबा, तीन नाय, तीन.”

रेंज नव्हती बहुतेक. मी म्हटलं, अगं तेच तर मी म्हणतोय, तीन. ती परत म्हणाली, “तीन नाय हो बाबा, तीन,” आणि फोन ठेवला. शब्द जरा तुटक आले, पण मुलगी आपल्या बाजूने आहे हे कळून बरं वाटलं. वळण कुठे जाईल?

१८ मार्च, गुढीपाडवा

पत्रक तयार. शेवटचं वाक्य मला विशेष जमलंय: ‘ज्या कुणी घोंघुरचे हे डोळे काढले, त्याने आयुष्यात कधी कुणाचे डोळे धड पाहिलेले नाहीत.’ बायजाला वाचून दाखवलं. ती श्रीखंड वाढत होती, तिने वाडगं परत आत नेलं. म्हणाली, “छापू नका ते.” मी कारण विचारलं. म्हणाली, “मी सांगायचं नाय, मला शपथ घातलीय.” बायकांच्या शपथा विचारून थोड्याच कळतात? मी सकाळीच छापायला दिलं होतं.

२१ मार्च

पत्रक एका स्थानिक पेपरात आलं. मथळा असा: ‘डोळे काढल्याप्रकरणी पेणमध्ये संताप’. दुपारपर्यंत गडब गावाहून मेव्हण्याचा फोन आला की कुणाचे डोळे काढले, पोलीस केस झाली का. जोहे गावच्या एका कारखानदाराने रंगाऱ्यांना अंधार पडायच्या आत घरी पाठवलं. आमच्या धंद्यातला शब्द बाहेर गेला की असा घोटाळा होतो. मी सगळ्यांना समजावलं की डोळे काढले म्हणजे चितारले, आणि आमची तक्रार उलट एक कमी काढल्याची आहे. पण विषय गाजला हे खरं.

त्या शेवटच्या वाक्याचा कुणीतरी फोटो करून टाकला, तो कुठल्या कुठे गेला. नागपूरचे लोकही तीन बोटं वर केलेले फोटो पाठवतायत. हैबतराव म्हणाले, महिपती, तुझ्या लेखणीत दम हाय. मला नाही म्हणवलं नाही.

११ एप्रिल

एसटी स्टँडसमोर निदर्शनं झाली. उन्हामुळे लोक कमी, पण बसची वाट बघणारे सगळे आमच्यातच धरले गेले. गोविंदाने कपाळावर कुंकवाने डोळा काढला होता, घामाने तो नाकापर्यंत आला.

मैनाचा बरेच दिवस मला फोन नाही. कामात असेल. बायजा माझ्याशी कामापुरतं बोलते. उन्हाळा तिला मानवत नाही.

१९ एप्रिल

जिंकलो.

सिनेमाच्या कंपनीने जाहीर केलं: ‘रसिकांच्या भावनांचा आदर राखून घोंघुरला तिसरा डोळा देण्यात येत आहे.’ त्यासाठी सिनेमा जुलैवर गेला. पेढे वाटले, ढोल लावला. हैबतराव म्हणाले, आजवर मुंबईने सांगायचं आणि पेणने ऐकायचं. आज पहिल्यांदा गाडी उलटी धावली.

घरी आलो तर बायजा स्वयंपाकघरात फोनवर बोलत रडत होती. गडबच्या बहिणीचं काहीतरी असणार, तिची तब्येत हल्ली बरी नसते. मी पेढा पुढे केला. तिने तो घेतला आणि मोरीत टाकला. पेढ्यावर राग काढायचं कारण मला समजलं नाही.

२२ एप्रिल

आज जे झालं ते लिहून ठेवतो.

मंडळाने ठरवलं होतं की विजयाची पहिली शाल मास्तरांच्या पत्नीला द्यायची. माई रोह्यातच असतात, नव्वदीच्या आसपास आहेत. दर वर्षी आम्ही मास्तरांच्या फोटोला हार घालतो. माई आतून चहा पाठवतात. हैबतरावांना लग्नाला जायचं होतं म्हणून मी एकटाच गेलो. बरोबर माझ्या हातची घोंघुरची मूर्ती नेली होती, तीन डोळ्यांची.

माईंनी मूर्ती मांडीवर घेतली आणि हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे याचं मोठं कौतुक असायचं, फुकटात मिळालेला डोळा म्हणून. मी म्हटलं, फुकटात कसा? तेव्हा त्यांनी सांगितलं. मास्तरांनी लिहिलं होतं ‘दीन डोळ्यांनी पाहत राहिला’. पहिल्या आवृत्तीत तसंच आहे, पण ती थोडीच निघाली. मग शाळांसाठी स्वस्त आवृत्ती काढली, तिच्यात छापखान्यात ‘दीन’चं ‘तीन’ झालं. मास्तरांनी पाहिलं तोवर प्रती शाळांत पोचल्या होत्या आणि पोरं वर्गात तीन डोळ्यांची चित्रं काढत होती. मास्तर म्हणाले, असू दे, पोरांना आवडलाय.

मी म्हटलं, माई, तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

“अहो, तुम्ही कुणी विचारलंच नाहीत. तुम्ही बोटं वर करून फोटो काढायचात आणि जायचात. विचारायला एकच मुलगी आली, गेल्या वर्षी. घोंघुर दिसायचा कसा, म्हणाली. मी म्हटलं, दीन. म्हणजे ज्याला पुष्कळ सांगायचं असतं आणि तोंडाने सांगता येत नाही, तसा. तर म्हणते, मग मला माहीत आहेत ते डोळे, आमच्या घरीच आहेत. पेणची होती. मैना नाव.”

चहा आला, तो मी घेतला की नाही आठवत नाही. परत येताना पेणच्या गाडीत बसून तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. तीन नाय, दीन. तीन नाय, दीन. समोरच्या माणसाने जागा बदलली.

आमच्या घरचे डोळे म्हणजे बायजाचे असावेत. तिचे मोठे आहेत.

२३ एप्रिल

बायजाला विचारलं. शपथ मोडायला तिला फार वेळ लागला नाही, इतके दिवस तिच्या पोटात ते पिकतच होतं.

“तिनंच काढले ते डोळे. तुमाला थेटरात दाखवायचे होते तिला, म्हनून मला गप बसवलं. तुमी काय छापलंत? कुनाचे डोळे धड बघितलं नाय म्हनून? आता कंपनी बोलली तिसरा काढ. ती बोलली, नाय काढनार, तो खोटा हाय. तं तिला घरी बसवली. तुमच्या पेढ्याच्या दिवशीच.”

मी मैनाला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. बायजाच्या फोनवरून लावला तर उचलला, माझा आवाज ऐकून ठेवला.

मला माझी फार लाज वाटते आहे. हे मी कुणापाशी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

१३ मे

मंडळाची बैठक मीच मागितली आणि माई काय म्हणाल्या ते उभं राहून सांगितलं. वाटलं होतं, सगळे डोक्याला हात लावतील. हैबतराव शांतपणे पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, “महिपती, कंपनीनं तुला कदी गाठलं?”

मी म्हटलं, पहिली आवृत्ती शोधू, माईंकडे जाऊ, त्यांच्या तोंडून ऐका. गोविंदा म्हणाला, लिवनाऱ्याच्या बायकोला पुस्तकातलं काय कळतंय, आमी वाचक हाव. त्याने पुस्तक अजूनही वाचलेलं नाही. एकाने माझंच व्याख्यान मला ऐकवलं, शब्द न शब्द. ‘तिसरा डोळा रडत नाही. तो फक्त पाहतो.’ त्याला टाळ्या मिळाल्या. वाक्य खरंच चांगलं आहे, ही त्यातली पंचाईत.

कंपनीला पत्रही लिहिलं की मागणी मागे घेतो. उत्तर आलं, आपल्या प्रेमाबद्दल आभार.

मला चिटणीसपदावरून काढलं. आता ‘तिसरा डोळा: एक चिंतन’ गोविंदा देणार आहे. उभ्या उभ्या सगळ्यांनी तीन बोटं वर केली. सवयीने माझीही गेली.

२० जुलै

सिनेमा लागला. पेणला नाही, रोह्याला. मी एकटाच गेलो, मागे बसलो. पुढच्या दोन रांगा मंडळाच्या, कपाळावर डोळे काढून आलेले.

तिसरा डोळा मी धंद्याच्या नजरेने पाहिला. कपाळाच्या मधोमध नाही, जरा डावीकडे गेलाय. पापणी लवते ती खालच्या दोन डोळ्यांबरोबर लवत नाही. बाजारातल्या शिळ्या माशाचा असतो तसा आहे. तो उघडला की लोक शिट्ट्या वाजवत होते. पान एकेचाळीसचा प्रसंग आला, चिमा होडीत बसून निघते आणि घोंघुर बांधावर उभा. थेटर डोक्यावर घेतलं होतं सगळ्यांनी. त्या गोंधळात मी खालच्या दोन डोळ्यांकडे पाहिलं.

ते बायजाचे नाहीत. दाढी करताना मी ते रोज पाहतो. पापणीचा उतार बरोबर आहे. बुबुळ खाली घसरलेलं आहे तेही बरोबर, माझं तसंच आहे. पेण स्टेशनच्या फलाटावर मी धूळ फार आहे म्हणालो होतो. गाडी सुटेपर्यंत मैना खिडकीतून माझ्याकडे बघत होती, ते काय बघत होती ते आज कळलं. मी कधी एवढं कुणाला दिसलो असेन असं वाटलं नव्हतं. मी रडलो, आणि रुमाल विसरलो होतो.

सिनेमा संपल्यावर सगळे घोषणा देत बाहेर गेले. मी शेवटपर्यंत थांबून नावं वाचली. चहा देणाऱ्यांचीसुद्धा नावं होती. मैनाचं नव्हतं.

बाहेर येऊन फोन लावला. आज तिने उचलला. मी म्हटलं, मैना, चुकलो गो. ते डोळे बघितले. कुणाचे हायत ते कळलं. ती म्हणाली, “बाबा, आवाज नीट येत नाय. रेंज नाय.” मागे तिच्या खोलीतला पंखासुद्धा मला नीट ऐकू येत होता.

५ ऑगस्ट

मैना आली आहे. बायजाने सांगितलं की कामाला माणसं कमी आहेत, म्हणून बोलावलं. माणसं कमी नाहीत. मैना मुंबईत दुसरीकडे काम मिळतंय का बघतेय, तोवर इथे. जेवताना माझ्याशी बोलते: भात वाढू का, आमटी पायजे का. बाकी आईशी.

जगनने तिला रंगाला बसवलं. मी माझ्या पाटावर आखणी करत होतो, पण लक्ष लागेना.

१२ ऑगस्ट

ऑर्डरी अंगावर आल्यात. कंपन्यांच्या कॉलनीतून आणि मुंबईच्या मंडळांकडून यंदा तीन डोळ्यांच्या घोंघुरशेजारी बसलेला गणपती मागतायत. मी नाही म्हणून सांगितलं. जोह्याचे कारखाने बनवतायत, जोरात चाललेत.

दुपारी कारखान्यात मैना मूर्तीचं पितांबर रंगवत होती. जगन जेवायला गेला होता. शाडूची एक मोठी मूर्ती डोळ्यांवाचून थांबली होती, पनवेलच्या जुन्या गिऱ्हाइकाची, दर वर्षी माझ्याच हातची लागते त्यांना. मी माझा आखणीचा ब्रश धुतला, पुसला आणि मैनासमोर धरला. म्हटलं, तू काढ.

तिने ब्रशकडे बघितलं, घेतला नाही. मला वाटलं, संपलं. परत खाली बघून ती पितांबराचा काठ भरत राहिली. मी तसाच हात पुढे करून उभा होतो. हात दुखायला लागला, पण मागे घेतला नाही. घेतला असता तर परत पुढे करायची माझी हिंमत झाली नसती.

मग तिने हात पुसले आणि ब्रश घेतला. मूर्तीसमोर बसली. कपाळापासून सोंडेपर्यंत नजरेने माप घेतलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “किती काढू?”

दारात बायजा उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, दोन.

तिने डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली. आमच्या कारखान्यात माझ्या आज्यापासून उजवा डोळा आधी काढतात. मी काही बोललो नाही.